माणसे मोजता, तशा बॅगाही मोजा

प्रति,
वाहतूक संचालनालय, गोवा राज्य,
कदंब परिवहन महामंडळ,
तसेच मोपा व दाबोळी येथील विमानतळांचे व्यवस्थापन यांस

विषय : गटाने येणाऱ्या, बेताच्या खर्चात प्रवास करणाऱ्या पाहुण्यांना सामानासह विमानतळावरून मुक्कामी पोहोचवण्याची व्यवस्था

महोदय,

मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी, कवळे या देवस्थानांना येणाऱ्या पाहुण्यांसाठी मी फोंडा तालुक्यात एक लहानसे लॉज चालवते. माझ्याकडे उतरणारा पाहुणा सहसा एकटा नसतो. कुलदेवतेच्या दर्शनाला निघालेली तीन पिढ्यांची कुटुंबे, ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळे, निवृत्त शिक्षकांचे गट अशी मंडळी देवस्थानांच्या अग्रशाळांत, म्हणजे देवळाच्या आवारातल्या यात्रीनिवासांत, जागा मिळाली नाही की आमच्यासारख्यांकडे येतात. पूर्वी हे लोक रात्रीच्या बसने किंवा कोकण रेल्वेने येत असत. आता तिकिटे आधीपासून काढून ठेवली तर विमान परवडते, शिवाय नागपूर-इंदूरकडच्या म्हाताऱ्या माणसांचा दीड दिवसाचा प्रवासही वाचतो, म्हणून अनेक गट विमानाने येऊ लागले आहेत. खोल्या ठरल्या की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : विमानतळावरून तुमच्यापर्यंत यायचे कसे आणि त्याला पडतील किती?

या प्रश्नाचे सरळ उत्तर मला देता येत नाही, याचे कारण समजावून सांगण्यासाठी आणि ते कारण दूर करणे आपल्या हातात आहे असे मला वाटत असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. आपली सगळी व्यवस्था माणसे मोजते किंवा गाड्या मोजते. बसमध्ये आसने मोजली जातात, टॅक्सी ठरवण्याच्या खिडकीवर गाडीचा प्रकार आणि जाण्याचे ठिकाण विचारले जाते. गटाच्या बरोबर आलेले सामान मात्र कोणाच्याच हिशेबात नसते आणि बेताचा खर्च करून निघालेल्या गटाचे अंदाजपत्रक नेमके त्या सामानापाशी कोलमडते.

देशांतर्गत प्रवासात बहुतेक विमान कंपन्या साध्या तिकिटावर १५ किलो सामान विमानाच्या पोटात आणि ७ किलो हातात नेऊ देतात. म्हणजे माणशी २२ किलो. आठ जणांचा गट मोपाच्या दारातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्यापाशी पावणेदोनशे किलोपर्यंत सामान असू शकते आणि ते सोळा नगांत विभागलेले असते. आता बाहेर उभ्या असलेल्या गाड्या पाहा. गोव्यात टॅक्सी म्हणून सर्रास दिसणाऱ्या सेडान गाडीची डिकी सुमारे ३७८ लिटरची असते. कागदावर हा आकडा बरा दिसतो, परंतु कडक कवचाच्या मध्यम बॅगा एकमेकींवर चेपून बसत नाहीत, त्यामुळे तीन बॅगा गेल्या की चौथीसाठी डिकीचे झाकण पुन्हा पुन्हा आपटावे लागते. सहा प्रवाशांची म्हणून जी मोठी गाडी सांगितली जाते, तिची गोष्ट याहून बिकट आहे. अर्टिगासारख्या गाडीत मागची तिसरी रांग उभी ठेवली तर डिकीत २०९ लिटर जागा उरते, म्हणजे जेमतेम दोन बॅगा बसतात. तिसरी रांग पाडली तर ५५० लिटर मिळते, पण मग माणसे चारच बसतात. सहा जणांनी सहा जणांची गाडी ठरवली, पैसे सहा जणांच्या गाडीचे मोजले आणि प्रत्यक्षात ती गाडी चार जणांची निघाली, हा प्रकार माझ्या पाहुण्यांच्या बाबतीत नित्याचा आहे. यात चालकाची लबाडी नाही आणि पाहुण्यांचा मूर्खपणाही नाही. गाडी ठरवताना कोणी बॅगा विचारल्या नाहीत, एवढेच.

गेल्या पावसाळ्यातला एक प्रसंग सांगते. माळव्यातून आलेल्या एका भजनी मंडळात अकरा जण होते, त्यांत चार बायका सत्तरीच्या पुढच्या. बॅगांखेरीज त्यांच्याबरोबर लाकडी पेटीत घातलेली बाजाची पेटी, गोधडीत गुंडाळलेला पखवाज आणि टाळांची एक जड पिशवी होती. त्यांनी एका ओळखीच्या माणसामार्फत दोन मोठ्या गाड्या फोनवर ठरवल्या होत्या. गाड्या वेळेवर आल्या, चालक सभ्य होते. पण सामान पाहताच तिसरी गाडी लागणार हे उघड झाले आणि तिसऱ्या गाडीचे पैसे कोणी धरलेले नव्हते. त्यातल्या एका गाडीला टपावर कॅरिअर होते, म्हणून बॅगा टपावर बांधायचे ठरले. ताडपत्री एकच होती आणि तीही कडेला फाटलेली. धारगळ ओलांडेपर्यंत पावसाने गाठले. मंडळी माझ्या ओसरीवर उतरली तेव्हा बाजाची पेटी मांडीवर घेऊन बसलेल्या गृहस्थांचे दोन्ही पाय बधिर झाले होते, पेटी मात्र कोरडी होती. टपावरच्या बॅगांतली सोवळ्याची वस्त्रे भिजली होती आणि दुसऱ्या दिवशीच्या अभिषेकासाठी ती रात्रभर पंख्याखाली वाळत घालावी लागली. त्या वृद्ध बायकांपैकी एकीने मला विचारले, "इथे विमानाने येणारी माणसे सामान आणत नाहीत का हो?"

हा प्रश्न मी आपल्यापुढे जसाच्या तसा ठेवत आहे.

मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. तेव्हापासून एवढ्याशा गोव्यात दोन विमानतळ आहेत. एक उत्तर टोकाला पेडणे तालुक्यात, दुसरा मुरगाव तालुक्यात नौदलाच्या तळावर. दोहोंमध्ये रस्त्याने साठ किलोमीटरहून अधिक अंतर आहे. तिकिटावर दाबोळीसाठी जीओआय आणि मोपासाठी जीओएक्स अशी अक्षरे असतात, परंतु गटासाठी तिकिटे काढणाऱ्या भाच्याचे किंवा जावयाचे लक्ष दराकडे असते, त्या अक्षरांकडे नसते. हरमल-मोरजीला उतरायचे असेल तर मोपा जवळ पडतो. पण काणकोणात पाळोळेच्या किनाऱ्यावर खोल्या घेऊन मोपाला उतरलेल्या गटापुढे सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता असतो, आणि विमानाच्या तिकिटात वाचवलेले पैसे त्या रस्त्यावर संपतात. आम्ही फोंडेकर मध्यावर असल्यामुळे थोडे सुखी आहोत : दाबोळीहून वेर्णा, लोटली, बोरीमार्गे आणि मोपाहून म्हापसा-पणजीमार्गे, दोन्हीकडून येता येते. तरीही पर्वरीत उड्डाणमार्गाचे काम सुरू झाल्यापासून मोपाहून निघालेला माणूस किती वाजता पोहोचेल हे मी छातीठोकपणे सांगत नाही.

बसविषयी मला आधी चांगले लिहायचे आहे, कारण ते खरे आहे. कदंब महामंडळाने विमानतळांवरून मुख्य शहरांकडे वातानुकूलित बस सुरू केल्या, हा बेताच्या खर्चाच्या प्रवाशासाठी आजवर झालेला सर्वांत मोठा उपकार आहे. टॅक्सीच्या तुलनेत माणशी खर्च इतका कमी होतो की आठ-दहा जणांच्या गटाला त्या फरकात एक वेळचे जेवण सुटते. मी प्रत्येक गटाला बसचाच पर्याय प्रथम सांगते. त्यावर येणारी शंकाही प्रत्येक वेळी तीच असते : बसमध्ये सामान ठेवू देतील का, आणि बस जिथे सोडेल तिथून पुढे काय?

पहिल्या शंकेचे उत्तर बस कोणती येते यावर अवलंबून राहू नये. विमानतळावर जाणाऱ्या-येणाऱ्या बसमधल्या प्रवाशाला सामान असणारच, ते नसणे हाच अपवाद आहे. म्हणून या मार्गांवर ठेवलेल्या प्रत्येक बसमध्ये एक तर पोटात सामानाचा कप्पा असावा, नाही तर मागच्या चार-सहा आसनांच्या जागी रेलिंग लावलेली फळी असावी, आणि ती आसने गेल्याने होणारा तोटा तिकिटाच्या दरात धरावा. पाच-दहा रुपये जास्त द्यायला या प्रवाशांची हरकत नसते. हरकत असते ती मधल्या वाटेत बॅगा उभ्या करून, दर वळणावर त्या पायाने थोपवत, चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची बोलणी खात प्रवास करायला. विमानतळाच्या व्यवस्थापनाकडे याच संदर्भात एक मागणी आहे. सामानाची ट्रॉली थेट बसच्या दारापर्यंत नेता यावी, वाटेत पायऱ्या किंवा उंच कडा नसाव्यात आणि त्या वाटेवर छप्पर असावे. गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस कसा पडतो हे आपणांस सांगायला नको. बसचा थांबा आणि टॅक्सीची जागा यांपैकी कोणती जागा दाराच्या अधिक जवळ असावी हे ठरवताना, जवळच्या जागेवर अधिक माणसांना नेणाऱ्या वाहनाचा हक्क आधी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी शंका अधिक अवघड आहे. पणजीच्या पाटो भागातल्या कदंब स्थानकावर बस सोडते आणि तेथून फोंड्याची बस जुने गोवे, बाणस्तारी, मंगेशी, म्हार्दोळ, फर्मागुडी असा रस्ता धरते. अंतराने ही वाट सोयीची आहे. एकट्याने, पाठीवर एक पिशवी घेऊन येणाऱ्या तरुणाला मी डोळे मिटून ही वाट सांगते. पण गटाला सांगताना माझी जीभ अडखळते, कारण या मार्गावरच्या गाड्यांत कंडक्टर माणसे आत सरकवण्याच्या घाईत असतो आणि मोठी बॅग दिसली की त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. त्याचा तरी काय दोष? त्याची गाडी कामावर जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी आहे. मडगावचीही तीच कथा. तेथले कदंब स्थानक फातोर्ड्याच्या बाजूला आणि रेल्वे स्थानक शहराच्या दुसऱ्या अंगाला. बसने मडगावला उतरून काणकोणाकडे रेल्वेने जाऊ म्हणणाऱ्या गटाला मधल्या चार-पाच किलोमीटरसाठी दोन-तीन रिक्षा कराव्या लागतात. म्हणजे स्वस्त प्रवास पहिल्या टप्प्यापुरता स्वस्त राहतो, आणि शेवटच्या थोडक्या अंतरासाठी गट पुन्हा टॅक्सीच्या दारात उभा राहतो, तोही आता विमानतळावरच्या ठरलेल्या दराच्या आधाराशिवाय.

यावर मी आणि माझे पाहुणे यांनी मिळून एक तोड काढली आहे. गटातली दोन धडधाकट माणसे सगळे सामान घेऊन एका टॅक्सीने येतात आणि बाकीची मंडळी हात हलवत बसने येतात. दोन माणसे आणि मागची आसने पाडून मोकळी केलेली एक मोठी गाडी एवढ्यात आठ-नऊ जणांचे सामान सहज येते. बसमधली मंडळी मंगेशीच्या थांब्यावर उतरून चालत देवळापर्यंत येतात, दर्शन घेतात, तोवर सामान माझ्याकडे लागलेले असते. तीन गाड्यांच्या जागी एक गाडी आणि काही तिकिटे एवढ्यात काम भागते. हा उपाय मी दर वेळी आवर्जून सुचवते आणि तो जमतो. पण त्याने एक गोष्ट पुरेशी स्पष्ट होते, की अडचण माणसांची नव्हतीच. माणसांची सोय बसने कधीच केली आहे, उरलेले आहे ते सामान. जे आम्ही घरगुती पातळीवर करतो, ते महामंडळाला व्यवस्थित पातळीवर का करता येऊ नये? विमानतळावर पावती फाडून सामान ताब्यात घ्यावे आणि पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, काणकोण येथील स्थानकांवर ते ठरलेल्या वेळी मिळावे, अशी सेवा दिवसातून दोन-तीन फेऱ्यांनी सुरू करून पाहावी. स्थानकांवर सामान ठेवण्याची कुलपाची खोली असावी. दुपारी बाराशिवाय खोली न देणारे आमच्यासारखे लॉजवाले आणि सकाळी सातला उतरणारे प्रवासी यांच्या मधल्या पाच तासांचाही प्रश्न तिने सुटेल.

आता टॅक्सीचा विषय. त्याबद्दल गोव्यात बोलताना लोक एक तर टॅक्सीवाल्यांना लुटारू म्हणतात, नाही तर त्यांच्याविषयी अवाक्षर काढू देत नाहीत. मला दोन्ही मान्य नाही. पेडण्यातल्या कित्येक कुटुंबांच्या जमिनी विमानतळाच्या प्रकल्पात गेल्या आहेत आणि त्यांच्या मुलांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या आहेत. त्यांना त्याच विमानतळावर धंदा मिळाला पाहिजे, यात दुमत असू नये. भाडे चढे का असते याचे एक साधे कारणही प्रवाशांना कधी सांगितले जात नाही. मोपाहून काणकोणला गेलेली गाडी बहुधा रिकामी परतते, कारण तेथल्या स्टँडवर तेथल्या गाड्यांचा नंबर असतो आणि बाहेरच्या गाडीने तेथून भाडे उचललेले चालत नाही. चालकाला जाण्याच्या भाड्यातून येण्याचे डिझेलही काढावे लागते. गट एकाच वेळी परतीचे भाडे त्याच गाडीला ठरवून देतो तेव्हा चालक आपणहून दर उतरवतो, हा माझा वारंवारचा अनुभव आहे, परंतु त्या दिवशीही ती गाडी एका दिशेने रिकामी धावतेच. परतीच्या भाड्यासाठी एका स्टँडच्या गाडीला दुसऱ्या स्टँडवरून ठराविक नंबर देण्याची देवाणघेवाण संघटनांनी आपसांत ठरवली आणि खात्याने तिला नियमाचे रूप दिले, तर स्थानिकांच्या पोटावर पाय न येता भाडे कमी होऊ शकते.

ओला-उबर गोव्यात नाहीत. ॲपवर चालणारी स्थानिक सेवा २०१८ पासून आहे. २०२५ च्या मे महिन्यात आपल्या खात्याने ॲग्रिगेटर, म्हणजे ॲपवरून टॅक्सी मिळवून देणाऱ्या, कंपन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा काढला आणि त्याला टॅक्सीचालकांनी कडाडून विरोध केला, हे सर्वांनी पाहिले. त्या वादात मला शिरायचे नाही. माझा मुद्दा एवढाच, की उद्या हवे ते ॲप आले तरी जर त्यातही गाडी निवडताना माणसांचाच आकडा विचारला गेला, तर भजनी मंडळाची बाजाची पेटी पुन्हा कोणाच्या तरी मांडीवरच येणार.

म्हणून पहिले आणि बिनखर्चाचे काम हे करावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६७ अन्वये टॅक्सीसारख्या कंत्राटी वाहनांच्या भाड्याबाबत निर्देश देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. त्या अधिकाराखाली ठरवलेले भाडेपत्रक दोन्ही विमानतळांवर, सामान मिळण्याच्या पट्ट्यापाशीच, मराठी, कोंकणी, हिंदी आणि इंग्रजी या चारही भाषांत मोठ्या अक्षरांत लावावे, आणि त्यात गाडीच्या प्रकारापुढे "किती प्रवासी, किती मोठ्या बॅगांसह" असा रकाना असावा. छोटी गाडी : तीन प्रवासी, दोन बॅगा. मोठी गाडी : सहा प्रवासी, दोन बॅगा, किंवा चार प्रवासी, सहा बॅगा. एवढ्या दोन ओळींनी बाहेर उभ्या राहून होणारी निम्मी हुज्जत मिटेल. टपावर सामान बांधायचे असल्यास त्याचा वेगळा आकार आहे की नाही, रात्रीचा जादा दर किती वाजल्यापासून लागतो, पार्किंगचे शुल्क भाड्यात धरलेले आहे की वेगळे, हेही त्याच फलकावर असावे. आज मला हे प्रत्येक गटाला फोनवर विचारून घ्यायला सांगावे लागते आणि ज्याला विचारायचे ठाऊक नसते तो गाडीतून उतरताना वाद घालतो.

दुसरे काम थोड्या धाडसाचे आहे. सात ते बारा जणांच्या गटासाठी योग्य वाहन म्हणजे मॅक्सी कॅब, आपल्या बोलीतली टेम्पो ट्रॅव्हलर किंवा तिच्यासारखी गाडी. कायद्याच्या व्याख्येत सहापर्यंत प्रवासी नेणारी ती मोटार कॅब आणि सहाहून अधिक पण बारापर्यंत नेणारी ती मॅक्सी कॅब. ही गाडी आज गटाला मिळते ती आधी ठरवून, बहुतेक वेळा दुसऱ्या तालुक्यातून रिकामी बोलावून आणि म्हणून दोन्ही बाजूंचे पैसे मोजून. विमानतळाच्या टॅक्सी स्टँडवरच काही मॅक्सी कॅब रांगेत ठेवाव्यात, त्यांचे परवाने पेडणे आणि मुरगावच्या स्थानिक चालकांना, हवे तर त्यांच्या सहकारी संस्थांना, प्राधान्याने द्यावेत, आणि म्हापसा-कळंगुट, पणजी-फोंडा, मडगाव-काणकोण अशा दिशा ठरवून त्या माणशी दराने चालवाव्यात. यावर नेहमी असे उत्तर मिळते की टॅक्सीला माणशी भाडे घेता येत नाही. कायद्याच्या कलम २ मधील कंत्राटी वाहनाची व्याख्या कृपया पुन्हा वाचावी. प्रवाशांकडून वेगवेगळे भाडे घेतले तरी मोटार कॅब त्या व्याख्येत बसते असे तेथे लिहिले आहे, आणि मॅक्सी कॅबचाही त्यात समावेश आहे. वाटेत थांबून नवे प्रवासी घेता येत नाहीत, हे बंधन आहे आणि ते योग्यच आहे. पण विमानतळावर भरून निघालेल्या गाडीला वाटेत प्रवासी घ्यायचेच कशाला? चार जणांचे कुटुंब, तिघांचा एक गट आणि दोन एकटे प्रवासी मिळून नऊ जण एका गाडीने फोंड्याकडे येतील आणि मागे नऊ बॅगांना पुरेशी जागा राहील.

रात्रीचा विचार वेगळा करावा लागेल. स्वस्त तिकिटे बहुधा आडवेळेच्या विमानांची असतात, म्हणजे ज्याचा हात आखडता आहे तोच प्रवासी रात्री उशिरा उतरतो, आणि अंधार पडला की गोव्यातल्या अंतर्गत मार्गांवरच्या बस विरळ होत जातात. विमानतळाहून सुटणारी शेवटची बस घड्याळावर न सोडता दिवसाचे शेवटचे विमान उतरून त्याचे सामान पट्ट्यावर येईपर्यंत थांबवावी. विमाने उशिरा येतात याची पूर्वकल्पना विमानतळाला असते, ती महामंडळाच्या चालकापर्यंत पोहोचवायला एक फोन पुरतो. आणि ज्या रात्री बस उरलेलीच नसेल, त्या रात्रीसाठी वर सांगितलेल्या मॅक्सी कॅबपैकी निदान दोन गाड्या रात्रपाळीला ठेवाव्यात.

आमच्यासारख्या लॉजवाल्यांनाही आपण एक नियम घालून द्यावा, अशी मी स्वतः मागणी करते. आरक्षणाची पावती देताना जवळचा विमानतळ कोणता, तेथून बसने यायचे असल्यास कोणत्या थांब्यावर उतरायचे आणि तेथून आमचे दार किती अंतरावर आहे, हे आम्ही लिहून दिलेच पाहिजे. पाहुण्यांना आणायला ओळखीच्या कोणाची तरी पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पैसे घेऊन पाठवणे काही ठिकाणी चालते, तेही थांबले पाहिजे. अपघात झाला तर त्या गाडीचा विमा प्रवाशाच्या कामी येईलच याची खात्री नसते, आणि परवाना काढून, कर भरून रांगेत उभ्या असलेल्या चालकावर तो अन्याय आहे.

या सूचनांपैकी फलकाची सूचना महिनाभरात अमलात येऊ शकते. बसमधली सामानाची फळी आणि छपराची वाट यांना पुढचा पावसाळा ही मुदत धरावी. मॅक्सी कॅबचा प्रयोग एका विमानतळावर, एका दिशेने, एका हंगामापुरता करून पाहावा आणि त्यासाठी पेडणे व मुरगावातील टॅक्सी संघटना, महामंडळ आणि लहान लॉजचालक यांची एकत्र बैठक खात्याने बोलवावी. पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो, तेव्हा ती बैठक त्याच्या आधी झाल्यास उपयोगाची. बैठकीत मांडण्यासाठी माझ्याकडे उतरलेल्या गटांची माणसे, बॅगा, वापरलेली वाहने आणि त्यांनी मोजलेले भाडे यांची नोंदवही मी घेऊन येईन. खात्याला तिच्या प्रती काढून ठेवता येतील.

आपली विश्वासू,
फोंडा तालुक्यातील एक लॉजचालक